टँकरच्या ठरावावर सही करण्याआधी
नव्या सरपंचताईंना खुले पत्र

सरपंचताई,



निवडून आल्याबद्दल अभिनंदन. गुलाल उतरला, सत्कार आटोपले. आता येत्या उन्हाळ्यात एक कागद सहीसाठी तुमच्या पुढ्यात येईल : टँकरच्या मागणीचा ठराव. त्याचा मजकूर तयारच असतो; गावाचं नाव आणि लोकसंख्या तेवढी भरायची. तुम्ही सही करायची, कागद पंचायत समितीत जायचा, तिथून तहसीलला, आणि गावानं रस्त्याकडे डोळे लावून बसायचं. हे पत्र त्या कागदाबद्दल आहे.

मी निवृत्त ग्रामसेवक. हल्ली आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दप्तर मात्र जुनंच आहे. सगळी नोकरी अवर्षणप्रवण पट्ट्यात झाली, त्यामुळे असे ठराव लिहिणं माझ्या हातवळणाचं. त्या मजकुरात एक गोष्ट कधीच विचारलेली नसते : यंदा या शिवारात पाऊस किती पडला आणि तो गेला कुठं? टँकर मागूच नका असं मी म्हणत नाही. ज्या वस्तीवर प्यायला पाणी नाही तिथं टँकर पोचलाच पाहिजे, त्यात कुणाचे उपकार नाहीत. पण या प्रश्नाचं उत्तर हाताशी नसताना सही करणारा सरपंच पुढच्या वर्षी तीच सही करतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

प्रशिक्षणाला गेलात की व्याख्याते सांगतील, जिद्द बाळगा, मनात आणलं तर काहीच अशक्य नाही. ऐकायला बरं वाटतं. माझा अनुभव मात्र असा की, जिद्दीचा तुटवडा आपल्या गावांत नाहीच. दोनशे फुटांवर पाणी लागलं नाही म्हणून बोअर पाचशे फुटांपर्यंत नेणारा, त्यासाठी घरातलं सोनं गहाण टाकणारा शेतकरी जिद्दीचाच असतो. मग त्याचा बांधकरी सातशे फुटांवर जातो. तोही जिद्दीचाच. दोघांची जिद्द एकाच खडकातल्या एकाच पाण्यावर चालते, आणि सार्वजनिक विहीर मार्चऐवजी जानेवारीतच तळ दाखवते.

शेततळ्यांचंही तेच झालं. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला ती योजना होती. कित्येक ठिकाणी विहिरीतलं आणि बोअरचं पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांत भरलं गेलं. जमिनीच्या पोटात, उन्हापासून सुरक्षित असलेलं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी एकाच्या शेतात उघड्यावर आलं आणि वाफ होऊन उडू लागलं. करणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या घरापुरता त्याचा हिशेब बरोबर होता. गावाचा हिशेब कुणी मांडलेलाच नव्हता.

तो मांडणं हे सरपंचाचं काम, आणि त्याला निधी लागत नाही. कागद-पेन्सिल घ्या. समजा गावाचं शिवार 1000 हेक्टर आहे, लोकवस्ती 1500 आणि वर्षाचा पाऊस 400 मिलिमीटर. म्हणजे चांगलंच कोरडं गाव. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की ते 10,000 लिटर पाणी होतं. म्हणजे 400 मिलिमीटरला हेक्टरी 40 लाख लिटर, आणि साऱ्या शिवारावर 400 कोटी लिटर. आता पिण्या-वापरण्याचं पाणी बघा. जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज 55 लिटर धरलं, तर 1500 माणसांना वर्षभराला सुमारे 3 कोटी लिटर पुरतं. चारशे कोटींतले तीन कोटी! हा आकडा ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. ‘आपल्याकडे पाऊसच पडत नाही’ हे वाक्य निदान त्या सभेत तरी कुणी पुन्हा म्हणणार नाही.

अर्थात चारशे कोटी हाती लागत नाहीत. बरंचसं पाणी उडून जातं, पिकं आणि गवत पितात, ओढ्यानं वाहून जातं. आपल्या काळ्या पाषाणात मुरणारा वाटा ढोबळमानानं शेकडा दहाच्या आसपास धरा. उतार, माती आणि खडक यांप्रमाणे तो कमी-जास्त होईल. म्हणजे विहिरींना मिळणारं पाणी उरलं 40 कोटी लिटर. तेही पिण्याच्या गरजेच्या तेरापट आहे. मग विहीर का आटते? उसाचा हिशेब करा. पाटानं पाणी दिलेला एक हेक्टर ऊस वर्षाला दीड-दोन कोटी लिटर सहज पितो. दोन हेक्टर उसात अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी गेलं. वीस-पंचवीस हेक्टर ऊस लागला की जमिनीखालचं सगळं संपलं, आणि वीस-पंचवीस हेक्टर म्हणजे शिवाराचा शेकडा दोन-अडीच भाग. बाकीच्या साडेसत्त्याण्णव टक्के शिवाराचे मालक, आणि ज्यांना जमीनच नाही ते, टँकरच्या रांगेत.

हे गणित सातवीतला मुलगा करील. गावानं ते केलेलं नसतं, कारण ते कुणी मागितलेलं नसतं. वरून येणाऱ्या नमुन्यात त्याला रकाना नाही.

मापायचं कसं, हाही बाऊ करण्यासारखा प्रश्न नाही. महसूल मंडळाच्या केंद्रावर पावसाची नोंद होते, पण मंडळात पडलेला पाऊस तुमच्या शिवारात पडलाच असेल असं नाही. बाजारात पर्जन्यमापक मिळतो. तो येईपर्यंत सरळ उभ्या कडांचं, सपाट बुडाचं कोणतंही भांडं झाडा-भिंतीपासून दूर, मोकळ्यावर ठेवा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीनं आतलं पाणी मोजून भांडं रितं करा. जेवढे मिलिमीटर भरलं तेवढा पाऊस. शाळेतल्या पोरांकडे हे काम द्या. गुरुजी तयार असतात, त्यांना विचारत कुणी नाही. विहिरींचं म्हणाल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठिकठिकाणच्या निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवत असते. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलात की जवळच्या विहिरीच्या नोंदी मागून आणा. आणि आपल्या गावच्या चार विहिरींत दगड बांधलेला दोर सोडून, खुणा करून, ऑक्टोबरपासून दर महिन्याला पातळी लिहून ठेवा.

आता हे आकडे घेऊन काय करता येतं, ते बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्हाला ठाऊक असेलच. अभ्यासदौऱ्याच्या गाड्या तिथं सारख्या लागतात आणि बरीच मंडळी झाडाखाली फोटो काढून परत येतात. पोपटराव पवार तिथं 1989 साली सरपंच झाले. पाऊस तुमच्या-आमच्यासारखाच, वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आगेमागे. चर खणले, बंधारे घातले, झाडं लावली, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, हे सगळे सांगतात. पैसाही सरकारी योजनांचाच होता. आदर्श गाव योजना, रोजगार हमी. फरक इतकाच की कुठलं काम कुठं करायचं हे गाव सांगत होतं.

पण तिथली मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट फोटोत येत नाही. पावसाळा संपला की तिथं पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडला, विहिरींची पातळी काय, माणसांना आणि जनावरांना किती राखायचं, उरलं किती. आणि उरल्या पाण्याप्रमाणे रब्बीला काय आणि किती पेरायचं, हे ग्रामसभेत ठरतं. उसाला आणि केळीला तिथं थारा नाही. शेतीसाठी बोअर नाही. पाऊस तुटला त्या साली पेरा कमी. ताई, बंधारा बांधणं सोपं आहे, त्याला मस्टर आणि सिमेंट पुरतं. स्वतःच्या मालकीच्या विहिरीवर स्वतःची मोटर असताना ‘यंदा मी गहू करणार नाही’ असं माणसानं चारचौघांत कबूल करणं, हे खरं अवघड काम. भाषणानं ते होत नाही. समोर फळ्यावर आकडा असला आणि तो आपल्याच पोरानं मोजलेला असला, की होऊ शकतं.

इथं तुम्हाला एक शंका येईल. आकडे पटले तरी ज्याच्याकडे विहीर आहे त्यानं का ऐकावं, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्यानं श्रमदानाला का यावं? या शंकेला सर्वांत धीट उत्तर दिलं ते विलासराव साळुंखे यांनी. ते पुण्याचे अभियंता आणि कारखानदार. 1972च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली दुष्काळी कामं त्यांनी पाहिली. हजारो माणसं खडी फोडत होती, आणि ती खडी फोडून पुढच्या दुष्काळात थेंबभर पाणी वाढणार नव्हतं. त्यांनी नायगावला देवस्थानची 40 एकर उताराची पडीक जमीन घेतली, पाणी अडवलं, मुरवलं आणि आधी स्वतः पिकवून दाखवलं. पुढं त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम असे : पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचं नाही, माणसांच्या प्रमाणात वाटायचं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा काही भाग सभासदांनी स्वतः उचलायचा.

अर्धशतक होत आलं, तरी यातला ‘भूमिहीनालाही वाटा’ हा नियम आजही गावात उच्चारला की पारावर शांतता पसरते. तुम्ही तो पहिल्याच वर्षी लागू करा असं मी म्हणणार नाही. भांडण ओढवून घ्याल. पण पाझर तलावाच्या खाली ज्यांची शेतं आहेत त्यांच्याच विहिरी भरणार असतील, तर वरच्या वस्तीतल्या मजुरानं रविवारी फावडं घेऊन का यावं, या प्रश्नाला तुमच्यापाशी काहीतरी उत्तर हवं. चाऱ्यात वाटा द्या, तलावातल्या मासेमारीचा ठेका द्या, गाळ द्या. काहीच नसेल तर श्रमदान दोन रविवार चालतं आणि तिसऱ्या रविवारी फक्त फोटोवाला येतो.

दुसरी अडचण कागदाची. ‘नियमात बसत नाही’ हे वाक्य तुम्ही वारंवार ऐकाल. मीही नोकरीत असताना वरिष्ठांच्या तोंडून ते पुष्कळ ऐकलं आहे, आणि नियम कुठला ते मात्र क्वचितच कळायचं. यावर गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावानं काढलेली वाट मला फार आवडते. त्यांनी अभ्यासगट चालवला. गावातली माणसं एकत्र बसायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायची, कायदा समजून घ्यायची. ठरवायची वेळ आली की ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीनं. या कामातल्या देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

हक्क मिळाला तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो मिळेना. वादाचं मूळ असं की 1927चा वन कायदा बांबूला झाड धरत होता, आणि 2006चा कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो. गौण वनोपज म्हणजे ग्रामसभेचं. गावकऱ्यांनी कायद्याचं हे कलम वाचलेलं होतं, म्हणून ते हटले नाहीत. शेवटी एप्रिल 2011मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. मंत्री गावात आले, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याआधीची कित्येक वर्षं ती माणसं संध्याकाळी बसून कायदा समजून घेत होती, ते कुणी सांगत नाही.

तुमच्या गावात जंगल नसेल, पण कायदा तुमच्याकडेही आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, ही तरतूद आपल्या राज्यात 1993पासून आहे. बोअरची गाडी रात्री येते ती उगाच नाही. गावच्या विहिरीभोवती ते वर्तुळ नकाशावर एकदा आखून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. कुणावर कारवाई करायच्या आधी एवढंच करा. पुष्कळांना हा नियम माहीतच नसतो, आणि ज्यांना माहीत असतो त्यांना आता तो इतरांनाही माहीत झाला आहे हे कळतं.

तुमची म्हणून एक वेगळी अडचण आहे, ती मी पाहिलेली आहे. आपल्या राज्यात पंचायतींत निम्म्या जागा महिलांना 2011पासून आहेत. तरी कित्येक कार्यालयांत खुर्ची ताईंची आणि आवाज दादांचा. सही घरी पाठवून आणली जाते. तुमच्या घरात तसं असेल किंवा नसेल, मी त्यात पडत नाही. मात्र पाण्याच्या कामात तुमची बाजू मुळातच वरचढ आहे. विहिरीत दोर किती सोडावा लागतो, हातपंपाला किती हिसके दिल्यावर धार येते, कुठल्या महिन्यात कुठला आड खारट होतो, हे गावात रोज कोण अनुभवतं? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, अशी कायद्यातच तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरातच भरते. तुम्ही ती खरोखर भरवा, दुपारच्या वेळी, विहिरीजवळ. पाण्याच्या ताळेबंदातले निम्मे आकडे तिथंच मिळतील, आणि ग्रामसभेत तुमच्या पाठीशी माणसंही. उसाचा विषय निघाला की बागायतदार तावातावानं उठतील; त्या वेळी मागून चार बायका दोराचं माप सांगायला लागल्या, तर सभेचा नूर बदलतो.

आणखी एक सावधगिरी. गावानं स्वतःचं स्वतः बघावं, हे वाक्य अधिकाऱ्यांना फार आवडतं. त्यात त्यांची सुटका असते. त्यांना ती देऊ नका. रोजगार हमी ही महाराष्ट्रानं देशाला दिलेली गोष्ट. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, 1972च्या दुष्काळात तिच्यावर लाखो घरं जगली आणि 1977 साली राज्यानं तिचा कायदा केला. मागेल त्याला काम, हा हक्क म्हणून आला, बक्षीस म्हणून नाही. गावानं हिशेब मांडायचा तो सरकारला मोकळं करण्यासाठी नसतो. ‘आमच्या गावाला पाणी द्या’ असा अर्ज कुणीही त्रुटीपूर्ततेसाठी परत पाठवू शकतो. ‘अमुक ओढ्यावर, अमुक गटाजवळ, एवढ्या पाणलोटाचं पाणी वाहून जातं, खालच्या तीन विहिरींची ऑक्टोबरपासूनची पातळी ही अशी घसरते, सबब इथं नालाबांध मंजूर करावा’ असा ठराव, मागे ग्रामसभेच्या सह्या, सोबत पोरांनी लिहिलेलं पावसाचं रजिस्टर, हा परत पाठवणं जड जातं. मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगतो आहे. असा अर्ज आला की साहेब आधी विचारतात, हे लिहून कुणी दिलं? गावातच लिहिलंय म्हटल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून वाचतात.

सगळं जमेल असं नाही. एखाद्या वर्षी पाऊस निम्म्यावर येईल आणि मांडलेला ताळेबंदही तुटीचा निघेल. कुणीतरी रात्री बोअर घेईलच. पुढच्या निवडणुकीत तुमची जागा दुसऱ्या प्रवर्गाला राखीव होईल आणि तुम्हाला उभंही राहता येणार नाही. म्हणून रजिस्टर शाळेत ठेवा, तुमच्या घरी नको. आणि आकडे फळ्यावर लिहीत चला, म्हणजे सरपंच बदलला तरी लोक फळा रिकामा का, असं विचारतील.

हे सगळं ठरायचं ग्रामसभेत, आणि तिच्या कोरमला गावातल्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतले जे कमी असतील तेवढे मतदार लागतात. सभा कोरमअभावी तहकूब झाली, तर पुढच्या तहकूब सभेला कोरमचं बंधन नसतं, आणि मग पाच-सात जणांत सगळे ठराव होऊन जातात. ही युक्ती जुनी आहे. तुमच्यावरही ती वापरली जाईल. आदल्या दिवशी दवंडी पिटवा, वस्तीवस्तीवर स्वतः जा, बचत गटांना निरोप द्या. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर पहिला विषय पाण्याचा ताळेबंद ठेवा, आणि ती सभा तहकूब होऊ देऊ नका.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक